किनाऱ्याला वाळू हवी

ज्येष्ठ-आषाढातील अमावास्या-पौर्णिमेची उधाणे आली की कोकणच्या किनाऱ्यावरून एकाच साच्यातील बातम्या येऊ लागतात. अमुक गावी माडांची रांग कोसळली, तमुक गावी बंधाऱ्याचे दगड लाटांनी विस्कटून टाकले, विहिरींना खारे पाणी लागले, ग्रामस्थांनी निवेदन दिले, अधिकाऱ्यांनी पाहणी केली आणि लोकप्रतिनिधींनी नव्या बंधाऱ्याचे आश्वासन दिले. नावे तेवढी बदलतात. कधी मालवणजवळचे देवबाग असते, कधी रत्नागिरीलगतचे मिऱ्या असते. आश्विनात समुद्र शांत झाला की बातम्याही शांत होतात, निविदा निघतात, दगडांच्या गाड्या किनाऱ्याकडे धावू लागतात. आणि पुढल्या ज्येष्ठात तीच निवेदने नव्या तारखा घालून पुन्हा लिहिली जातात. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही मूलभूत चुकत असावे, ही शंकासुद्धा आता कोणाला येईनाशी झाली आहे.

कोकणचा हा प्रश्न घाटावरच्या दैनिकाने पहिल्या पानावर कशासाठी आणावा, असे कोणी विचारील. कोडोलीच्या माणसाला 'रत्नागिरी' म्हटले की आधी जोतिबाचा डोंगर आठवतो, कारण जोतिबाचे गाव ते वाडी रत्नागिरी. दुसरी रत्नागिरी आंबा घाट उतरून गेल्यावर लागते, आणि तिथल्या समुद्राशी आपला संबंध सुट्टीतल्या दोन दिवसांचा, असे आपण धरून चालतो. परंतु पाण्याने घरात शिरणे म्हणजे काय, हे वारणेच्या आणि पंचगंगेच्या काठाला शिकवावयास नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फुटांची आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर चढले होते. त्या दिवसांत कोकणासह साऱ्या महाराष्ट्राने आपल्याकडे धान्य, कपडे आणि माणसे धाडली. तेव्हा समुद्राकाठच्या गावांचे दुःख समजून घेणे हा आपला शेजारधर्मच आहे. शिवाय या प्रकरणात आपण केवळ शेजारी नसून काही अंशी वाटेकरीही आहोत. ते कसे, हे पुढे येईलच.

नदीचा पूर आणि समुद्राची धूप यांत एक मोठा भेद आहे, आणि तो नीट ध्यानात घेतल्यावाचून या प्रश्नाचे गांभीर्य कळणार नाही. पूर ओसरतो. ऊस कुजतो, भिंती खचतात, गोठे वाहून जातात, संसार उघडा पडतो. पण पाणी उतरल्यावर शेत बहुधा जागच्या जागी सापडते, त्यावर गाळाचा एक थरही चढलेला असतो. समुद्राने नेलेली बाग मात्र परत येत नाही. आधी पुढच्या रांगेतील माडांची मुळे उघडी पडतात, मग माड आडवे होतात, मग कुंपण जाते, मग पडवीपर्यंत पाणी येते. मालकाच्या हाती सातबाराचा उतारा राहतो आणि त्या उताऱ्यावरील गुंठे भरतीच्या पाण्याखाली असतात.

या भेदाची दखल सरकारी मदतीच्या नियमांनी विपरीत रीतीने घेतली आहे. केंद्राच्या आपत्तीच्या यादीत पूर आहे, चक्रीवादळ आहे, त्सुनामी आहे, दरड आहे, गारपीट आहे, टोळधाडीसारखा किडींचा उपद्रवही आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरविलेल्या निकषांत किनाऱ्याच्या धुपेला मात्र स्थान नव्हते. नदीने पात्र बदलून जमीन गिळली तर लहान शेतकऱ्याला काही मदत देण्याची तरतूद त्या निकषांत होती. समुद्राने गिळली तर नव्हती. महाराष्ट्राने आपल्या राज्यापुरत्या यादीत समुद्राच्या उधाणाचा समावेश केला, हे योग्यच झाले. परंतु उधाण ही एका दिवसाची घटना आहे आणि धूप ही वीस वर्षांची. एका रात्रीत पडलेल्या भिंतीचा पंचनामा होतो. दरवर्षी हातभर मागे सरणाऱ्या किनाऱ्याचा पंचनामा कोणी, कोणत्या दिवशी करावयाचा? पंधराव्या वित्त आयोगाने ही उणीव ओळखली होती. नदीकाठच्या व समुद्रकाठच्या धुपेला आवर घालण्यासाठी १,५०० कोटी रुपये आणि धुपेने उठविलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपये, असे दोन स्वतंत्र हिस्से त्याने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांकरिता सबंध देशासाठी सुचविले. साऱ्या देशाच्या मानाने ही रक्कम तुटपुंजी होती हे खरे, पण धूप हे स्वतंत्र संकट आहे हे तरी तिने मान्य केले.

संकट किती मोठे आहे? राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रे ताडून पाहिली, तेव्हा भारताच्या किनाऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग झिजत असल्याचे आढळले. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातल्या त्यात बरे दान पडले आहे. ७२० किलोमीटर हा आकडा शाळेत पाठ केलेल्या आपल्या किनाऱ्याचा सुमारे चौथा हिस्सा झिजतो आहे आणि उरलेला बहुतांश स्थिर आहे. याचा अर्थ वेळ हातची गेलेली नाही. पश्चिम बंगाल किंवा केरळ यांच्यापुढे जो प्रश्न उभा आहे तो आपल्यापुढे उभा राहण्याआधी शहाणपण शिकण्याची सवड आपल्याला आहे. ती आपण दगड रचण्यात घालवीत आहोत, एवढीच आमची तक्रार.

पुळण म्हणजे समुद्राने नुसती पसरून ठेवलेली रेती, अशी आपली समजूत असते. वास्तविक ती सतत चालणारी देवघेव आहे. पावसाळ्यातील उंच लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात आणि थोड्या खोल पाण्यात तिची एक आडवी रांग रचतात. मोठी लाट त्या रांगेवरच फुटते व तिचे बळ मोडते. पावसाळा सरल्यावर मंद लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून देतात. म्हणजे किनारा पावसाळ्यात मागे सरतो तो शरण जाण्यासाठी नव्हे, तर स्वतःच्या वाळूचा बांध स्वतःच घालण्यासाठी. या व्यवहारासाठी दोन गोष्टी लागतात: पुरेशी वाळू आणि मागेपुढे सरकण्यास मोकळी जागा. आपण दोन्ही काढून घेतल्या आहेत.

जागा घेतली ती बंधाऱ्याने. दगडी बंधाऱ्यावर आदळलेली लाट विरत नाही, ती उलटते आणि परतताना पायथ्याची वाळू खरवडून नेते. पायथा खोल झाला की पुढची लाट अधिक उंचीने येते, दगड खचतात, वर आणखी दगड टाकावे लागतात. बंधाऱ्यामागची जमीन काही काळ वाचते, पण बंधाऱ्यापुढची पुळण जाते. आणि जिथे बंधारा संपतो तिथे शेजारच्या वाडीची धूप दुप्पट वेगाने सुरू होते. केरळात कोचीजवळच्या चेल्लानम येथे लोकांच्या दीर्घ लढ्यानंतर ३४४ कोटी रुपयांच्या योजनेतून सात किलोमीटरहून अधिक लांबीची टेट्रापॉडांची भिंत उभी राहिली. भिंतीआडच्या घरांना २०२२ नंतर पावसाळ्यात शांत झोप मिळू लागली, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र भिंत जिथे संपली त्याच्या उत्तरेस कन्नमालीच्या बाजूला समुद्र अधिकच खवळून घरांत शिरू लागला, आणि आता तिथल्या लोकांनी आपल्यासाठी तशाच भिंतीची मागणी लावून धरली आहे. भिंतीने भिंतीला जन्म द्यावा असा हा प्रकार आहे.

पुळण गेली तर काय बिघडले, घरे तर वाचली, असे म्हणणाऱ्याने मालवणच्या रापणकरांना विचारावे. रापण हे किनाऱ्यावरून ओढावयाचे जाळे. होडीने ते समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकून यावयाचे आणि पाचपन्नास माणसांनी दोन्ही टोके धरून वाळूवर ओढावयाचे. मिळालेल्या मासळीचे वाटे ओढणाऱ्यांत पडतात, वृद्ध आणि विधवा यांच्याही पदरात त्यातून काही पडते. पर्ससीनच्या मोठ्या नौकांनी या लोकांचे अर्धे अन्न आधीच पळविले आहे. आता पुळणीच्या जागी दगड आले तर जाळे ओढावयाचे कुठे, होडी चढवावयाची कुठे आणि मासळी वाळवावयाची कुठे? तारकर्ली-देवबागला पर्यटक येतात ते पांढऱ्या वाळूसाठी. काँक्रीटचे चौपायी ठोकळे पाहावयास तिकडे कोणी जाणार नाही. मंडणगड तालुक्यातील वेळासच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी अंडी घालावयास येतात, आणि या शतकाच्या आरंभापासून तिथे चाललेल्या संवर्धनाने त्या गावाला नाव आणि रोजगार दोन्ही मिळवून दिले. कासविणीला भिंत चढता येत नाही.

दगडाला पर्याय आहे आणि तो नवा नाही. झिजलेल्या किनाऱ्यावर बाहेरून वाळूची भर घालावयाची, म्हणजे समुद्राला जे न्यावयाचे ते त्याने त्या भरीतून न्यावे आणि गाव वाचावे. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर हा प्रयोग १९२०-३० च्या दशकात झाला. समुद्रसपाटीहून खाली वसलेल्या हॉलंडने १९९० पासून तो राष्ट्रीय धोरण म्हणूनच स्वीकारला. त्या देशात दरवर्षी सुमारे एक कोटी वीस लाख घनमीटर वाळू समुद्रतळातून उपसून किनाऱ्यावर घालतात. २०११ साली हेग शहराजवळ त्यांनी एकदाच २ कोटी १५ लाख घनमीटर वाळूचा ढीग समुद्रात रचला आणि तो आजूबाजूच्या किनाऱ्यावर पसरविण्याचे काम वारा व लाटा यांच्यावर सोपविले. धरणे-बांध घालण्यात ज्यांचा हात जगात कोणी धरीत नाही, त्या डचांनी वाळूचा आश्रय घ्यावा यात आपल्याला पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

हॉलंड श्रीमंत आहे म्हणून ते उदाहरण कोणी बाजूला सारील, तर घरचीच उदाहरणे घ्यावीत. विशाखापट्टणमचे बाह्य बंदर १९७६ साली सुरू झाले. बंदराच्या भिंतींनी उत्तरेकडे जाणारी वाळू अडते हे ओळखून तिथे ती एका ठिकाणी साठू द्यावयाची आणि ड्रेजरने उपसून शहराच्या किनाऱ्यावर टाकावयाची, अशी पद्धत ठेवली गेली. पुदुच्चेरीत नेमके उलटे घडले. तिथे बंदराच्या भिंती १९८९ च्या सुमारास पुऱ्या झाल्या. अडलेली वाळू पलीकडे पोचविण्याची योजना कागदावर होती, ती नियमाने चालली नाही. काही वर्षांतच शहरापुढची पुळण नाहीशी झाली, तिच्या जागी दगड आले, आणि धूप उत्तरेकडे सरकत तमिळनाडूतल्या कोळ्यांच्या गावांत शिरली. सुमारे तीस वर्षांनी, २०१८ च्या आगेमागे, राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पोलादी खडक बसविला आणि बंदरातून उपसलेली वाळू किनाऱ्यावर घातली, तेव्हा गांधीजींच्या पुतळ्यापुढे पुन्हा वाळू दिसू लागली. तीस वर्षांत एक पिढी पुळण न पाहता वाढली.

याचा अर्थ वाळूची भर हा रामबाण उपाय आहे असे नव्हे. भर घातलेली वाळू वाहून जाणारच. ती वाहून जावी यासाठीच घातलेली असते. चार-पाच वर्षांनी, कुठे त्याहूनही लवकर, पुन्हा भर घालावी लागते. वाळूचा दाणा मूळच्या किनाऱ्याशी जुळावा लागतो. बारीक रेती पहिल्या पावसाळ्यातच जाते आणि चिखलमिश्रित गाळ टाकला तर शिंपले आणि कासवांची अंडी दोन्ही गुदमरतात. भगवती किल्ल्याच्या दोन अंगांना असलेल्या रत्नागिरीच्या दोन किनाऱ्यांना लोक काळा समुद्र आणि पांढरा समुद्र म्हणतात, ते रेतीच्या रंगावरून. एवढ्याशा अंतरात वाळूची जात बदलते. तेव्हा मंत्रालयात बसून सबंध कोकणासाठी एकच परिपत्रक काढून हे काम व्हावयाचे नाही. त्यातच आपल्या किनाऱ्याची ठेवण अशी की खडकाळ भूशिरांनी त्याचे लहानलहान तुकडे पडले आहेत. पुष्कळ ठिकाणी प्रत्येक अर्धचंद्राकृती पुळणीची वाळू तिची तिला. एका कोंडातून गेलेली वाळू शेजारच्या कोंडातून भरून येत नाही. आणि जगातील समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे, ती पुढेही वाढणार आहे. काही थोड्या जागी वाळूही पुरणार नाही आणि दगडही पुरणार नाही. तिथल्या कुटुंबांना वेळीच, त्यांच्या संमतीने आणि समुद्रापासून फार दूर न नेता नवी जागा देणे हाच प्रामाणिक मार्ग ठरेल.

मग गावकरी स्वतःच बंधारा का मागतात? त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तोच मागितला असता. दगड डोळ्यांना दिसतो. तो पडला तरी त्याचे अवशेष राहतात आणि ते दाखवून दुरुस्ती मागता येते. वाळूचे तसे नाही. 'पैसा पाण्यात घालणे' हा वाक्प्रचारच मुळी आपल्याकडे मूर्खपणासाठी योजला जातो. सरकार आज वाळू घालील, पण पाच वर्षांनी सरकार तेच असेल काय, अधिकारी तेच असतील काय, ही शंका गावकऱ्याच्या मनात येते, आणि आजवरचा अनुभव पाहता ती अनाठायी नाही. आपल्या राज्यकारभाराला बांधणे जमते, सांभाळणे जमत नाही. बंधाऱ्याला कोनशिला बसते. वाळूला कोनशिला बसवावयाची कुठे?

मिऱ्याचे उदाहरण बोलके आहे. २०१० साली आशियाई विकास बँकेने कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र यांच्या किनारा-संरक्षणासाठी २५ कोटी डॉलरच्या कर्जयोजनेस मान्यता दिली. पाण्याखालील कृत्रिम खडकाने लाटेचे बळ आधीच मोडावे आणि किनाऱ्यावर वाळूची भर घालावी, अशा सौम्य उपायांकडे त्या योजनेचा कल होता, आणि मिऱ्याचे नाव तिच्यात होते. आज मिऱ्याला उभे राहून पाहणाऱ्यास मुख्यतः दगड आणि टेट्रापॉड यांचा बंधारा दिसतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात 'बसरा स्टार' नावाचे जहाज भरकटत येऊन तिथल्या पंधरामाडच्या बंधाऱ्यास लागले आणि कित्येक वर्षे तिथेच रुतून राहिले, तेही लोकांनी पाहिले. मिऱ्याला दाट वस्ती किनाऱ्याला टेकली आहे. तिथे भिंत नकोच असा हट्ट आम्ही धरणार नाही. परंतु २०२१ च्या तौक्ते वादळानंतर कोकणासाठी आखलेल्या आपत्ती सौम्यीकरणाच्या कार्यक्रमात भूमिगत वीजवाहिन्या आणि निवारे यांच्या जोडीला पुन्हा धूपप्रतिबंधक बंधारेच पुढे यावेत, याला धोरण म्हणावे की सवय?

आता वाळूकडे. किनाऱ्याला मिळणारी वाळू प्रामुख्याने सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्यांची. ती खाडीच्या मुखाशी येते तेव्हाच तिला दोन वाटा फुटतात. तिथे ती साचली की मच्छीमारांच्या नौकांना अडथळा होतो, म्हणून मुख मोकळे करा अशी मागणी होते. दुसरीकडे बांधकामाला वाळू हवी असते. तिचे लिलाव होतात, हातपाटीचे परवाने निघतात, आणि परवान्याच्या आड सक्शन पंप चालतात. पंप रात्री काय करतात हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे, फक्त पंचनाम्याला ठाऊक नाही. मच्छीमारांचे निवेदन सागरी मंडळाकडे जाते, लिलाव महसूल खाते करते, आणि धुपेचा बंधारा पत्तन अभियंता बांधतात. एकाच खाडीच्या एकाच वाळूचा विचार तीन मेजांवर होतो. देवबागची जमीन म्हणजे एका बाजूस कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूस समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. ती पट्टी नदी आणि समुद्र या दोघांनी मिळून घडविली; नदीची वाळू गाड्यांत भरून न्यावयाची आणि पट्टी मात्र दगडांनी टिकवावयाची, हा हिशेब कोणत्याही शाळेत शिकविला जात नाही.

आणि त्या गाड्या जातात कुठे? काही गोव्याकडे जातात, काही घाट चढून आपल्याकडे येतात. कृष्णा-पंचगंगेची वाळू आपण संपवीत आणली तेव्हा घाटावरच्या कित्येक स्लॅबांत कोकणची खाडी मिसळली. घर बांधणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. त्याला वाळू कुठून आली हे कोणी सांगत नाही. पण २०२५ साली राज्य शासनाने दगडापासून बनविलेल्या कृत्रिम वाळूचे धोरण स्वीकारले आहे आणि क्रशरची वाळू आता आपल्या भागात सर्रास मिळते. कोल्हापूर जिल्ह्यातील सार्वजनिक बांधकामे, शाळांच्या खोल्या, ग्रामपंचायतींची सभागृहे यांत खाडीची वाळू वापरावयाची नाही, एवढे तरी आपल्या जिल्हा परिषदेला आणि पंचायत समित्यांना ठरविता येईल. पन्हाळा तालुक्याने पहिले पाऊल टाकावे, असे आम्ही सुचवितो.

राज्य शासनाकडे मागावयाचे तेही फार अवघड नाही. खाडीमुखातून किंवा मासेमारी बंदरातून सरकारी खर्चाने जी वाळू उपसली जाईल, ती दाण्याची पारख करून जवळच्या झिजत्या पुळणीवरच टाकली पाहिजे, असे प्रत्येक उपशाच्या निविदेत लिहावे. उपसा करावयाचाच आहे, खर्च व्हावयाचाच आहे. ड्रेजरची नळी कोणत्या दिशेला वळवावयाची एवढाच प्रश्न आहे. किनाऱ्याच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात, रस्त्यांच्या खड्ड्यांसाठी असते तशी, दरवर्षीची तरतूद असावी. आणि दर पावसाळ्याच्या आधी व नंतर गावागावांत पुळणीची मोजणी व्हावी. शाळेच्या भूगोलाच्या तासालासुद्धा दोन खांब आणि एक दोरी घेऊन ती करता येते.

येत्या आश्विनात कर्लीच्या मुखाशी आणि मिरकरवाड्यात नौका पुन्हा सुटतील, गाळाच्या तक्रारी येतील आणि उपशाची कामे निघतील. त्या निविदांत वाळू कुठे टाकावयाची हा रकाना भरलेला आहे की कोरा, हे मालवणच्या आणि रत्नागिरीच्या आमदारांनी स्वतः तपासून पाहावे.